शिकागोत कंटेनर का थांबतो?

मंडळाच्या डिसेंबरच्या बैठकीला आपली एक माजी विद्यार्थिनी आली होती. बी.कॉम. करून ती आता गच्चीबावलीच्या बाजूला एका कंपनीत रात्रपाळी करते. काम असं, की अमेरिकेतल्या माल पाठवणाऱ्यांचे कंटेनर कुठवर पोचले ते संगणकावर बघत राहायचं आणि एखादा अडकला तर तिकडे फोन लावायचा. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा शिकागोत सकाळचे अकरा वाजलेले असतात. चहाच्या वेळी तिनं मला गाठलं. "सर, लॉस एंजेलिसहून निघालेला कंटेनर दोन हजार मैल सरळ येतो आणि शिकागोत येऊन दीड-दीड, दोन-दोन दिवस बसतो. असं का? आता म्हणे तिथल्या दोन रेल्वे एक होणार. मग हे बसणं थांबेल का? आणि थांबलं तर माझं काम काय राहील?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी टाळलं, खोटं कशाला सांगू. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र घरी येऊन वाचायला बसलो आणि त्यातून हा लेख झाला. वाणिज्य शाखेच्या मुलांना 'मक्तेदारी' हे प्रकरण परीक्षेपुरतं पाठ असतं, साहित्याच्या मुलांना तेवढंही नसतं. दोघांनाही चालेल असं लिहितो आहे.

सुरुवात घरापासून करू. आपल्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा मराठवाड्यातून हैदराबादेत आले, त्यांच्या घरी मनमाडच्या गोष्टी नक्की ऐकायला मिळतील. काचीगुड्याहून निघणारी अजिंठा एक्सप्रेस मीटरगेजची. परभणी, जालना, औरंगाबाद करत ती मनमाडला पोचायची आणि तिथे रूळच संपायचे, म्हणजे आपल्या मापाचे रूळ संपायचे. मुंबईला जायचं तर ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी सगळं घेऊन ब्रॉडगेजच्या गाडीत चढायचं. मालाचंही तेच. एका वाघिणीतली पोती हमालांनी पाठीवर घेऊन दुसऱ्या मापाच्या वाघिणीत टाकायची. वेळ जायचा, पोती फुटायची, थोडा माल 'गळायचा'. पुढे गेज बदललं आणि मनमाडची ही अदलाबदल गेली.

शिकागो हे अमेरिकेतलं मनमाड आहे, असं मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली. पण फरक मोठा आहे आणि या लेखाचा सगळा विषय त्या फरकात आहे. शिकागोत रूळ दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आहेत. एकच इंजिन प्रशांत महासागरापासून अटलांटिकपर्यंत विनाअडथळा जाऊ शकतं. तिथे बदलतो तो मालक.

आपल्याला हे चटकन पटत नाही, कारण आपल्याकडे रेल्वे म्हणजे सरकार. निजामाची रेल्वे होती, बडोद्याच्या गायकवाडांची होती, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची होती, मद्रास अँड सदर्न मराठा नावाची कंपनी होती. १९५१-५२ मध्ये या सगळ्या एकत्र करून सहा विभाग केले गेले. १९६६ साली सिकंदराबादला दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय आलं. विभाग जोडले काय, तोडले काय, मालक तोच राहिला. अमेरिकेत तसं नाही. रूळ, पूल, सिग्नल, यार्ड, इंजिनं, खालची जमीनसुद्धा खाजगी कंपन्यांची असते. १९७१ पासून प्रवासी गाड्या चालवणारी ॲमट्रॅकसुद्धा बहुतेक ठिकाणी या मालवाहू कंपन्यांच्या रुळांवरूनच धावते.

अशा मोठ्या कंपन्या आज सहा आहेत. पश्चिमेला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ. पूर्वेला नॉर्फोक सदर्न आणि सीएसएक्स. उरलेल्या दोन मुळात कॅनडाच्या: कॅनेडियन नॅशनल, जी शिकागोवरून खाली न्यू ऑर्लीन्सपर्यंत उतरते, आणि कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी, जी २०२३ साली दोन कंपन्या एक होऊन तयार झाली आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको तिन्ही देशांत पसरली. नकाशावर मिसिसिपी नदीच्या आजूबाजूने एक उभी रेघ ओढा. पश्चिमेच्या कंपन्या साधारण त्या रेघेपाशी थांबतात, पूर्वेच्या तिथून सुरू होतात. शिकागो, सेंट लुइस, मेम्फिस, न्यू ऑर्लीन्स ही त्या शिवणीवरची मोठी ठिकाणं. १८६९ साली यूटातल्या प्रॉमन्टरीला सोन्याचा खिळा ठोकून देश जोडला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पण त्या दिवशीसुद्धा जोडल्या गेल्या त्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत एकाच कंपनीचे रूळ, असं संयुक्त संस्थानांत आजवर झालेलं नाही.

आता शिकागोत नेमकं काय होतं ते बघू. देशातल्या रेल्वेमालापैकी सुमारे पाव हिस्सा या एका शहरातून जातो. पश्चिमेची गाडी आपल्या यार्डात येते. काही वेळा डब्यांचा अख्खा गट इंजिन लावून दुसऱ्या कंपनीच्या यार्डात पोचवतात. पण पुष्कळदा कंटेनर क्रेननं उचलून ट्रकच्या सांगाड्यावर ठेवतात, तो ट्रक शहराच्या गर्दीतून दुसऱ्या कंपनीच्या फाटकावर जाऊन रांगेत उभा राहतो, आत गेल्यावर पुन्हा क्रेन, आणि मग पुढची गाडी. ती गाडी सकाळीच गेली असेल तर उद्याची. आपल्या मुलीच्या पडद्यावर तेवढा वेळ काहीच हलत नाही. पहिली कंपनी म्हणते, आम्ही दिला. दुसरी म्हणते, अजून आमच्या फाटकातून आत आला नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तिची नोकरी आहे.

वेळेहून मोठी गोष्ट पैशाची आहे. समजा, लॉस एंजेलिसचा कंटेनर ओहायो राज्यातल्या कोलंबसला जायचा आहे. शिकागोपर्यंतचे दोन हजार मैल पश्चिमेच्या कंपनीचे. पुढचे साडेतीनशेच्या आसपास मैल पूर्वेच्या कंपनीचे. एवढ्या थोड्या अंतरासाठी क्रेन, यार्ड, माणसं लावून तिला फारसं सुटत नाही, म्हणून ती उत्सुक नसते. मग व्यापारी शिकागोतच कंटेनर उतरवून घेतो आणि पुढे ट्रकनं नेतो, किंवा सगळा प्रवासच ट्रकनं करतो. मिसिसिपीच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा असा रेल्वेच्या हातून सुटलेला आहे. म्हणून या शिवणीवरून टाका काढायची कल्पना रेल्वेच्या लोकांना पुन्हा पुन्हा सुचते, आणि 'पुढचं लग्न कुणाचं' याच्या पैजा लागतात.

जुलै २०२५ मध्ये त्यातली सगळ्यात मोठी पैज खरी झाली. युनियन पॅसिफिकनं नॉर्फोक सदर्न विकत घेण्याचा करार जाहीर केला. आकडा ८,५०० कोटी डॉलर. दोघींचं मिळून जाळं ५०,००० मैलांहून अधिक, ४३ राज्यांत. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ८०,००० च्या पुढे. आपल्या संपूर्ण भारतीय रेल्वेची मार्गलांबी सुमारे ६९,००० किलोमीटर आहे, म्हणजे अंदाज येईल. कंपनीनं घोषणेतच लिंकनचं नाव घेतलं. १८६२ च्या ज्या कायद्यानं युनियन पॅसिफिक जन्मली त्यावर लिंकनची सही आहे, तेव्हा तेवढा हक्क त्यांना द्यायला हरकत नाही. नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडच्या भागधारकांनी प्रचंड बहुमतानं होकार दिला.

इथे वाणिज्यच्या मुलांनी थोडं थांबावं. विलीनीकरणाचे दोन प्रकार आपण वर्गात शिकतो. एकाच दोन गावांमध्ये धावणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या तर ते समांतर विलीनीकरण. त्यात स्पर्धा सरळ मरते, आंधळ्यालाही दिसतं. दुसरा प्रकार टोकाला टोक जोडण्याचा. एकीचा रस्ता संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो. युनियन पॅसिफिक आणि नॉर्फोक सदर्नचं लग्न बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचं. म्हणून कंपन्या म्हणतात, स्पर्धा कमी होण्याचा प्रश्नच कुठे येतो? आम्ही कुठे एकमेकींच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून होतो?

युक्तिवाद वरवर चोख वाटतो. मलाही पहिल्या वाचनात पटला होता. मग मी आमच्या गल्लीचा विचार केला. समजा गल्लीत टेम्पो एकाचाच आहे. तो माल हमरस्त्यापर्यंत नेतो. हमरस्त्यावर दोन ट्रान्सपोर्टवाले आहेत, दोघेही मुंबईला जातात. टेम्पोवाला एकटा असला तरी पुढे दोघांत घासाघीस करता येते, भाव आटोक्यात राहतो. उद्या टेम्पोवाल्यानं त्यांतल्या एकाशी भागी केली, तर कागदावर गल्लीतले टेम्पो तेवढेच राहिले, हमरस्त्यावरचे ट्रान्सपोर्टवालेही तेवढेच राहिले. पण तुमचा माल आता तो कुणाकडे नेईल? दुसऱ्याकडे न्या म्हणालात तर 'हो नेतो की' म्हणेल, आणि भाव असा सांगेल की तुम्हीच नको म्हणाल.

ओहायोतला एखादा रसायनांचा कारखाना असाच असतो. त्याच्या फाटकाशी रूळ फक्त नॉर्फोक सदर्नचे. रसायनं किंवा धान्य ट्रकनं हजारो मैल नेणं परवडत नाही, कधी कधी सुरक्षितही नसतं. आज त्याचा माल शिकागोपर्यंत नॉर्फोक सदर्ननं नेला की पुढे युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोघींत निवड असते. अमेरिकेत अशा गिऱ्हाइकाला 'बांधलेलं गिऱ्हाईक' अशा अर्थाचा शब्द आहे. अमेरिकेतल्या रसायन उत्पादकांची संघटना या विलीनीकरणाच्या विरोधात का उभी राहिली, हे यावरून समजेल. कंटेनरवाल्याला विलीनीकरणानं फायदा होऊ शकतो, कारण त्याला ट्रकचा पर्याय कायम असतो. बांधलेल्या गिऱ्हाइकाला ट्रक नाही. एकाच करारानं एकाचा प्रवास जलद होतो आणि दुसऱ्याची दोरी आवळते. बातम्यांमध्ये पहिलंच जास्त वाचायला मिळतं.

दुसरी भीती इतिहासाची आहे, आणि माझ्या मते अधिक खरी. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या पूर्वेच्या दोन बड्या वैरिणी १ फेब्रुवारी १९६८ ला एक झाल्या, पेन सेंट्रल नाव घेतलं. दोघींचे संगणक एकमेकांशी बोलेनात, माणसंही बोलेनात, वाघिणी यार्डात हरवू लागल्या. जून १९७० मध्ये, म्हणजे अडीच वर्षंही पुरी झाली नाहीत तोवर, दिवाळखोरी. त्या काळची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. शेवटी सरकारला मध्ये पडून १९७६ साली कॉनरेल उभी करावी लागली. १९९६ मध्ये याच युनियन पॅसिफिकनं सदर्न पॅसिफिक घेतली. पुढच्या वर्षी ह्यूस्टनचं यार्ड तुंबलं. यार्डात जागा नाही म्हणून गाड्या बाहेर उभ्या, बाहेर उभ्या गाड्यांत इंजिनं आणि माणसं अडकलेली, म्हणून यार्डातल्या गाड्या हलवायला कुणी नाही. टेक्सासमधली ही कोंडी पश्चिमेत दूरवर पसरली आणि महिनोन् महिने चालली. नियामक मंडळाला आणीबाणीचा आदेश काढावा लागला. १९९९ मध्ये कॉनरेलचे दोन तुकडे सीएसएक्स आणि नॉर्फोक सदर्ननं वाटून घेतले, तेव्हाही पूर्वेत तसाच गोंधळ. कागदावरची बचत आधी दिसते, यार्डातली कोंडी नंतर.

(एक गमतीची गोष्ट, विषयाला सोडून नाही. ऐंशीच्या दशकात सांता फे आणि सदर्न पॅसिफिक एक व्हायचं म्हणत होत्या. परवानगी मिळणारच अशी इतकी खात्री, की इंजिनांना लाल-पिवळा नवा रंग देऊन टाकला, नव्या नावाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी जागा मोकळी ठेवली. १९८६ मध्ये परवानगी नाकारली गेली. एस-पी-एस-एफ या आद्याक्षरांचा अर्थ रेल्वेच्या लोकांनी मग असा लावला, की 'एवढ्या घाईनं रंगवू नये'.)

परवानगी देणारं हे मंडळ कोण? पूर्वी १८८७ पासूनचा आंतरराज्य वाणिज्य आयोग होता. १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानं रेल्वेवरची बरीचशी सरकारी बंधनं, विशेषतः भाड्यावरची, सैल केली. तेव्हा पहिल्या वर्गाच्या कंपन्या चाळीसच्या घरात होत्या, आज सहा आहेत. १९९६ पासून आयोगाच्या जागी सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड आलं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनलनं लग्नाची घोषणा केली तेव्हा हे मंडळ घाबरलं, आणि बरोबर घाबरलं. ह्यूस्टनची जखम ताजी होती. त्यांनी पंधरा महिने सगळ्याच मोठ्या विलीनीकरणांना बंदी घातली आणि २००१ मध्ये नियम बदलले. आधी कंपन्यांनी स्पर्धेला फार धक्का लागत नाही एवढं दाखवलं तरी भागायचं. नव्या नियमानुसार स्पर्धा वाढते हे दाखवावं लागतं. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते: तुमच्या लग्नामुळे पुढे इतर कुणाकुणाला लग्न करावं लागेल, त्याचाही हिशोब द्या.

पंचवीस वर्षं हा नियम पुस्तकातच राहिला. २०२३ चं कॅनेडियन पॅसिफिकचं विलीनीकरण जुन्या नियमांखाली झालं, कारण कॅन्सस सिटी सदर्न ही सर्वांत लहान म्हणून तिला २००१ मध्येच सूट मिळाली होती. युनियन पॅसिफिकचा अर्ज ही नव्या नियमाची पहिली परीक्षा. अर्ज डिसेंबर २०२५ मध्ये गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये मंडळानं तो अपुरा म्हणून परत केला. विलीनीकरणानंतर बाजारातला वाटा किती होईल याचा पूर्ण हिशोब त्यात नव्हता. हा नकार नव्हे. आपल्याकडे प्रबंध 'दुरुस्त करून पुन्हा सादर करा' म्हणून परत येतो तसं समजा. कंपन्यांनी पुन्हा अर्ज करणार असल्याचं सांगितलं आहे.

आता अंदाजाचा भाग. मिळाली परवानगी, तर बीएनएसएफ गप्प कशी बसेल? तिच्यासमोर एक कंपनी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत एकच पावती फाडत असेल आणि तिला मात्र शिकागोत दुसऱ्याचं दार वाजवावं लागेल. पूर्वेला उरते एकटी सीएसएक्स. बीएनएसएफ २०१० पासून बर्कशायर हॅथवेची आहे, तेव्हा पैशाची अडचण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉरन बफे यांनी आपण रेल्वे विकत घेणार नाही असं सांगितलं आणि त्याच महिन्यात बीएनएसएफ-सीएसएक्स यांनी एकमेकींच्या रुळांवरून थेट कंटेनर सेवा सुरू करत असल्याचं जाहीर केलं. मला ही बातमी विलीनीकरणाच्या बातमीपेक्षा महत्त्वाची वाटली. लग्न न करताही शिवण बुजवता येते, हे त्यातून दिसतं. दोन कंपन्यांनी वेळापत्रक जुळवलं, गाडी अख्खीच्या अख्खी पुढे दिली, की क्रेन नको आणि शहरातला ट्रकही नको. मग ८,५०० कोटी डॉलर नेमके कशासाठी, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

तरीही माझा अंदाज असा, की पहिल्या लग्नाला होकार मिळाला तर दुसरं टळणार नाही, करार कितीही गोड असले तरी. करार मोडता येतात, मालकी मोडत नाही. आणि चारांच्या दोन झाल्या की उरलेल्या दोन कॅनडावाल्यांनाही कुणाचा तरी हात धरावा लागेल. म्हणजे मंडळापुढे कागदोपत्री एक अर्ज आहे, पण निर्णय सगळ्या खंडाचा आहे. १९०४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं उत्तरेकडच्या रेल्वे एका छत्राखाली आणणारी नॉर्दर्न सिक्युरिटीज कंपनी पाच विरुद्ध चार मतांनी मोडली होती. त्याच रेल्वे १९७० मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न म्हणून एक झाल्याच. सहासष्ट वर्षं लागली, पण झाल्या. तेव्हा 'कधीच होणार नाही' असं मी म्हणणार नाही. मला विचाराल तर होकार देण्याआधी बांधलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीकडे माल वळवायचा हक्क भाव ठरवून लेखी द्यावा, आणि तो दिल्याशिवाय एकही इंजिन रंगवू देऊ नये.

कामगारांचं काय, हे बैठकीत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो. त्यांच्या संघटनाच दुभंगल्या आहेत. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेनं नोकरीची हमी घेऊन पाठिंबा दिला, तर इंजिनचालकांची जुनी संघटना विरोधात आहे. हमी आहे ती रुळांवर काम करणाऱ्या संघटित माणसांना. गच्चीबावलीत बसून शिकागोची शिवण राखणाऱ्या मुलीचं नाव कुठल्याच करारात नाही.

जानेवारीत अर्ज परत आल्याची बातमी तिनंच मला रात्री पाठवली. मग टाळलेलं उत्तर मी देऊन टाकलं. तिला लिहिलं, की विलीनीकरण झालं तर पहिलं वर्ष-दोन वर्षं तुला काम वाढेल, कारण गोंधळ वाढतो. नंतर 'आम्ही दिला' आणि 'आम्हाला मिळाला नाही' म्हणणारी कंपनी एकच असेल, तेव्हा तुझ्या आजच्या कामातला बराच भाग उरणार नाही. पण त्याच वेळी भाव पटत नाही म्हणून भांडणारे गिऱ्हाईक वाढतील, आणि त्यांच्या बाजूनं कागद मांडणारी माणसं लागतील. भाडेदर कसे ठरतात ते शिकून ठेव. पुस्तक हवं तर माझ्याकडे आहे.

तिचं उत्तर पहाटे चारला आलं. "पुस्तक रविवारी न्यायला येते सर. तो लॉस एंजेलिसचा कंटेनर निघाला एकदाचा, एक्केचाळीस तासांनी."